एक जून

आमोसनं पुण्याहून पेन ड्राइव्हवर आणली ती फिल्म.
मला म्हणाला, मामा, एकट्यानं बघा.
मग स्वतःच सगळ्यांपुढं लावली,
कारण घरात टीव्ही एकच,
आणि तो बाबांच्या खाटेसमोर.

जालन्यातला मे महिना.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या, खिडकीला चादर लावली,
तासभर आमच्या बैठकीत रोम होतं.

एक टकला माणूस दगडांमधून चालतो,
थांबतो,
आणि दर थांब्यावर तेच विचारतो :
कागद कुठाय?
ज्या राज्यात पोत्यापोत्याचा हिशेब ठेवत
तिथं या सुताराचा एक चिठोरा नाही.
जन्माचा नाही, खटल्याचा नाही.
ज्यांनी लिहिलं, म्हणे, चाळीस वर्षांनी लिहिलं,
आणि त्यांनीही ऐकूनच.

मी बाबांसाठी मराठी करत होतो, मोठ्यानं.
एका वाक्याशी अडलो.
ही सगळी कथा रचलेली आहे, असं काहीसं होतं.
रचलेली म्हणावं तर
आमच्याकडं लाकडंही रचतात, उतरंडही,
गाणंही, आणि एखाद्यावर कटही.
यातलं कुठलं त्याला म्हणायचंय कळेना,
वाक्य गाळलं.
"मधलं कामून खाल्लं?" बाबा म्हणाले.

पुढं पंचवीस डिसेंबर आला.
ती तारीखही नंतर कुणी ठरवली,
सूर्याच्या जुन्या सणावर बसवली.
आमोसनं तिथं फिल्म थांबवली, आमच्याकडं पाहिलं.
बाबा हसले, खोकला लागेपर्यंत हसले.
"अन् मपली? एक जून!"

आजीनं हेडमास्तरांना सांगितलं होतं,
विहिरीत म्हैस पडली त्या साली,
शाळू निसवत होता तेव्हा.
म्हणजे थंडीतला जन्म.
हेडमास्तरांनी टाकात शाई भरली, लिहिलं एक जून.
त्या वर्गात एक जूनची एकतीस पोरं होती.
मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवून
बाबा रिटायरसुद्धा त्याच हिशेबानं झाले,
आणि पेन्शन खरी येते.

आज्याचा बाप्तिस्मा कुंडलिकेच्या पाण्यात झाला
असं दुर्कसआत्या सांगते. शांतवनकाका म्हणतो, टाक्यात.
आधीचं नाव तिघं तीन सांगतात.
का झाला, त्याचीही दोन उत्तरं :
दुष्काळातली ज्वारी,
किंवा पाद्र्यानं सतरंजीवर शेजारी बसवलं ते.
रजिस्टरचं ते पान वाळवीनं खाल्लं.
तहसीलच्या खिडकीत मी दोनदा उभा राहिलो आहे,
आतून हाच प्रश्न आला होता,
याच आवाजात.

"आजोबा, तुम्हाला काहीच वाटत नाही?"
आमोस चिडला होता. वर्षभर झोपला नसावा नीट.
"वाटतं ना. ती होडी परत दाव."

तळ्याच्या गाळातून काढलेली होडी होती मध्येच कुठंतरी,
दोन मिनिटं फक्त, टकला तिथं फार थांबलाही नव्हता.
बाबा उठून बसले. चष्मा पुसला.
"हे बघ, हितं दुसऱ्या झाडाची फळी घातलीय.
हितं तिसऱ्याच्या.
गरिबाची हाये. नवं लाकूड परवडलं नाही त्याला.
सांधा मात्र काय बसवलाय लेकानं!"
बोटानं काचेवर तो सांधा चाचपला.

मग लाइट गेली, आली,
तोवर फिल्म संपत आली होती.
"शेवटाला काय म्हणला टकल्या?"
म्हणाला, कबरीपर्यंत गेलो, आत शिरलो,
काहीच सापडलं नाही.

"मंग?
त्या बायाबी तेच म्हणल्या होत्या."

आणि कूस बदलली.
आमोसनं पेन ड्राइव्ह काढला,
माझ्या हातावर ठेवला.
तापला होता.